वाऱ्यातलं झाड आणि रोवलेला खांब

कुराण पाठ करणारा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. मांडी घातलेली, पुढ्यात लाकडी रेहल, तिच्यावर उघडं कुराण. सबक, म्हणजे धडा, सुरू झाला की थोड्याच वेळात त्याचं अंग हलू लागतं. कमरेतून पुढे, मग मागे, पुन्हा पुढे. आयत, म्हणजे कुराणातलं वचन, लांब असली की झोकाही लांबतो, आखूड असली की आटोपता येतो. श्वास घ्यायला थांबला की अंगही क्षणभर थांबतं. एखादा शब्द आठवेनासा झाला की झोके भराभर पडायला लागतात, जणू तो शब्द आतून हलवून बाहेर काढायचा आहे. पुढे अजान होते. तोच मुलगा वजू करून, म्हणजे हात-पाय-तोंड धुऊन, नमाजाला उभा राहतो आणि त्याच आयती ओठांवर असताना त्याचं अंग मात्र जराही झुलत नाही. हात बांधलेले, नजर सजद्याच्या, म्हणजे माथा टेकायच्या, जागेवर.

शब्द तेच आणि मुलगाही तोच. मग बसून पढताना झोके का, आणि उभं राहून पढताना स्तब्धता का?

पाहणाऱ्याला हे दोन्ही ‘इस्लाममधल्या प्रार्थनेच्या हालचाली’ वाटतात आणि तिथेच गल्लत होते. नमाजातली प्रत्येक हालचाल शिकवलेली, मोजलेली, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे. कुराण पढताना झुलणं मात्र कोणी सांगितलेलं नाही. कुराणात त्याचा हुकूम नाही, हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, त्याची शिकवण नाही. ती शरीराला लागलेली सवय आहे. या दोन गोष्टींची खाती वेगळी ठेवली की बाकीचं समजायला सोपं जातं.

आधी नमाज. तिचं एक आवर्तन म्हणजे रकात. उभं राहून कुराण पढायचं (कयाम), कमरेतून वाकून हात गुडघ्यांवर ठेवायचे (रुकू), पुन्हा सरळ व्हायचं, मग जमिनीवर माथा टेकायचा (सजदा), उठून बसायचं आणि दुसरा सजदा करायचा. दिवसाच्या पाच वेळांच्या फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाजात अनुक्रमे 2, 4, 4, 3 आणि 4 अशा 17 रकाती होतात. म्हणजे नुसत्या फर्जातच दिवसाला 17 रुकू आणि 34 सजदे. सजद्यात शरीराचे सात भाग जमिनीला लागायला हवेत, असं हदीसमध्ये मोजून सांगितलं आहे: नाकासह कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन पावलांची बोटं.

गंमत अशी की नमाज कशी पढायची याचा क्रमवार तपशील कुराणात एका जागी नाही. उभं राहणं, वाकणं, माथा टेकणं यांचे उल्लेख विखुरलेले आहेत. एवढी तपशीलवार कृती लोकांपर्यंत पोचली ती पाहून पाहून. मालिक इब्न अल-हुवैरिस हे काही तरुणांसोबत मदिनेत येऊन सुमारे वीस दिवस राहिले होते. परत जाताना पैगंबर मुहम्मद यांनी त्यांना सांगितलं, ‘मला जशी नमाज पढताना पाहिलंत तशीच पढा.’ त्या सांगण्यात ‘ऐकलंत’ नाही, ‘पाहिलंत’ आहे.

आता स्तब्धतेकडे येऊ, कारण माझ्या मते नमाजाचं सगळं मर्म हालचालींपेक्षा त्यांच्यामधल्या थांबण्यात आहे. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग येतो. एक माणूस मशिदीत आला, घाईघाईने नमाज पढला आणि पैगंबरांना सलाम करायला गेला. त्यांनी सलामाचं उत्तर दिलं आणि म्हणाले, ‘परत जा आणि नमाज पढ, कारण तू नमाज पढलाच नाहीस.’ तो गेला, पुन्हा तशीच पढून आला, पुन्हा तेच उत्तर. असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, याहून चांगली मला येत नाही, तुम्हीच शिकवा. तेव्हा जे सांगितलं गेलं त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते: वाक, आणि वाकल्यावर स्थिर हो, उठ, आणि सरळ उभा राहा, सजदा कर, आणि सजद्यात स्थिर हो, बस, आणि बसल्यावर स्थिर हो.

म्हणजे त्या माणसाच्या हालचाली सगळ्या झाल्या होत्या. राहिलं होतं ते थांबणं.

या थांबण्याला अरबीत ‘तुमअनीना’ म्हणतात. अंगातलं प्रत्येक हाड आपापल्या जागी येऊन बसेपर्यंत थांबायचं, अशी त्याची खूण सांगतात. किमान मुदत साधारण एकदा ‘सुब्हानल्लाह’ म्हणण्याएवढी. फुकहांमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांमध्ये, मतभेद आहे तो फक्त दर्जाचा. इमाम शाफई यांच्या मते हे थांबणं नमाजाचा गाभा आहे, ते चुकलं तर नमाज झालीच नाही. इमाम अबू हनीफा त्याला वाजिब मानतात, म्हणजे आवश्यक, पण फर्जाच्या एक पायरी खालचं. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ मात्र या बाबतीत गुरूपेक्षा कडक आहेत आणि शाफईंच्या बाजूने जातात.

घाईच्या नमाजाला हदीसमध्ये नाव आहे: कावळ्याची टोच. चोच टेकली न टेकली तोच वर. नमाजातल्या चुका प्राण्यांच्या रूपात सांगायची ही पद्धत मला फार आवडते, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं. सजद्यात कुत्र्यासारखे कोपरापर्यंत हात जमिनीवर पसरू नका. खाली जाताना उंट बसतो तसे बसू नका.

या उंटाने तर शतकानुशतकं चालणारा वाद निर्माण केला. सजद्याला जाताना आधी हात टेकायचे की गुडघे? एका हदीसप्रमाणे उंटासारखं बसू नका, गुडघ्यांच्या आधी हात टेका. दुसऱ्या हदीसप्रमाणे पैगंबर आधी गुडघे टेकत असत. पण उंट बसतो तेव्हा तो आधी पुढचे पाय दुमडतो. मग पुढचे पाय म्हणजे उंटाचे ‘हात’ म्हणायचे की काय? तसं असेल तर हात आधी टेकणं म्हणजे उंटासारखंच बसणं झालं! एका बाजूचे विद्वान म्हणाले, उंटाचे गुडघे त्याच्या पुढच्या पायांतच असतात, त्यामुळे हदीस बरोबर आहे, हात आधी. चौदाव्या शतकात दमास्कसचे इब्न अल-कय्यिम म्हणाले, सांगणाऱ्याकडून शब्दांची उलटापालट झाली असावी, मूळ सांगणं गुडघे आधी टेकण्याचंच असणार. आजही दोन्ही रीती चालतात. शेजारी शेजारी उभे असलेले दोन नमाजी वेगवेगळ्या पद्धतीने खाली जाताना दिसले तर त्यामागे हा उंट आहे हे लक्षात ठेवा.

असाच दुसरा प्राणी घोडा. मुस्लिम संग्रहात जाबिर इब्न समुरा सांगतात की पैगंबर म्हणाले, बुजऱ्या घोड्यांच्या शेपट्यांसारखे हात वर करताना मी तुम्हाला का पाहतोय? नमाजात शांत राहा. यावरून हनफी, म्हणजे अबू हनीफांच्या पंथाचे लोक, म्हणतात, हात कानापर्यंत उचलायचे ते एकदाच, सुरुवातीच्या ‘अल्लाहु अकबर’ला. शाफई आणि हंबली पंथांचे लोक रुकूत जाताना आणि रुकूतून उठतानाही हात उचलतात. त्यांचं म्हणणं, घोड्याची ती गोष्ट शेवटी मान वळवून सलाम फिरवताना हाताने इशारे करणाऱ्यांबद्दल होती, रुकूच्या वेळच्या हात उचलण्याबद्दल नव्हती. दोघांकडेही हदीस आहेत आणि शांत राहण्याबद्दल दोघांचंही एकमत आहे. उभं असताना हात कुठे ठेवायचे यातही फरक आहेत. हनफी पुरुष बेंबीखाली बांधतात, शाफई बेंबीच्या वर, छातीच्या खाली. मालिकी पंथातले बरेच जण आणि शिया हात बाजूला सरळ सोडतात. शियांची आणखी एक खूण म्हणजे सजद्यात कपाळ मातीच्या छोट्या वडीवर टेकणं. ती माती पुष्कळदा करबलाची असते.

आणि तर्जनी. नमाजाच्या शेवटी बसून अत्तहियात ही दुआ पढताना उजव्या हाताची तर्जनी उचलली जाते, ईश्वर एक आहे याची साक्ष म्हणून. हनफी ‘ला इलाह’ला, म्हणजे ‘कोणी ईश्वर नाही’ या नकाराला बोट उचलतात आणि ‘इल्लल्लाह’ला, म्हणजे ‘अल्लाहखेरीज’ या शब्दाला खाली घेतात. शाफई नेमके ‘इल्लल्लाह’ला उचलतात आणि तसंच धरून ठेवतात. मालिकी बोट हळूहळू डावी-उजवीकडे हलवतात. काही जण बसल्यापासून ते वरखाली करत राहतात, कारण वाइल इब्न हुज्र यांच्या एका हदीसमध्ये ‘ते हलवत होते’ असा शब्द आला आहे. अब्दुल्लाह इब्न जुबैर यांच्या एका हदीसमध्ये मात्र शब्द आहे, ‘हलवत नव्हते’. एका बोटाची एवढी काळजी कशाला, असं बाहेरच्याला वाटू शकतं. मला त्यात जपणूक दिसते. ज्याच्यावर जीव आहे त्याचं बसणं-उठणंही माणसं अशीच लक्षात ठेवतात.

मग नमाजात आगाऊ हालचाल झालीच तर? इथे नियम वाटतात तितके ताठर नाहीत. पैगंबर आपली नात उमामा हिला कडेवर घेऊन नमाज पढले आहेत. सजद्याला जाताना तिला खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. नमाजात साप किंवा विंचू दिसला तर मारायची मुभा आहे. सजद्याच्या जागेवरची माती सारखी करण्याबद्दल विचारलं गेलं तेव्हा उत्तर मिळालं, करायचीच असेल तर एकदा. या ‘एकदा’त सगळा समतोल आला. नमाज मोडते कधी? हनफी कसोटी अशी की लांबून पाहणाऱ्याची खात्री पटावी की हा माणूस नमाजात नाही. शाफईंनी आकडाच दिला आहे: लागोपाठ तीन मोठ्या हालचाली. खाज आली म्हणून एकदा खाजवलं तर नमाज मोडत नाही. दाढीशी, बटणांशी, घड्याळाशी चाळा करत राहणं मात्र मकरूह, म्हणजे नापसंत. उभ्या-उभ्या डावी-उजवीकडे झुलणंही त्यातच मोडतं.

ज्याचं शरीर साथ देत नाही त्याचं काय? इम्रान इब्न हुसैन यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारलं तेव्हा पैगंबर म्हणाले, उभं राहून पढ, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून. अशा वेळी रुकू आणि सजदा मानेच्या इशाऱ्याने होतात. सजद्यासाठी मान रुकूपेक्षा थोडी जास्त झुकवायची, एवढंच. हालचाल बोटभर उरली तरी तिचा क्रम तोच राहतो.

आता पुन्हा त्या रेहलीपुढे बसलेल्या मुलाकडे जाऊ.

तो झुलतो याची कारणं मला तरी फार गूढ वाटत नाहीत. कुराणात 114 सूरा (अध्याय) आहेत आणि आयतींची सर्वात प्रचलित गणना 6236 आहे. हाफिज व्हायचं म्हणजे हे सगळं शब्दन्‌शब्द पाठ करायचं. जगातल्या बहुतेक मुसलमान मुलांची मातृभाषा अरबी नाही. पाठ करताना अर्थाचा आधार घ्यावा तर तो हाताशी नसतो. मग आधार राहतो लयीचा. आयतींच्या शेवटी यमक येतं, दीर्घ स्वर ठरावीक मात्रा लांबवायचे असतात, आणि शरीर ती लय धरून ठेवतं. शिवाय तासन्‌तास मांडी घालून बसलं की पाठ आखडते, पहाटेच्या सबकाला झोप येते. झोक्याने ती उडते. शेजारचा झुलतो म्हणून हा झुलतो, हेही तितकंच खरं.

ही सवय चांगली की वाईट यावर जुन्या काळापासून लिहिलं गेलं आहे आणि त्यात एक विलक्षण कहाणी दडली आहे. बाराव्या शतकात मध्य आशियातल्या ख्वारज्मचे भाष्यकार जमख्शरी कुराणाच्या सातव्या सूरेतल्या 171 व्या आयतीवर लिहीत होते. तिथे बनी इस्राईलच्या, म्हणजे यहुद्यांच्या पूर्वजांच्या, डोक्यावर पर्वत उचलून धरल्याचा उल्लेख आहे. त्यांनी नोंदवलं की मूसांनी (मोझेस) तौरातच्या, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथाच्या, पाट्या उलगडल्या तेव्हा पर्वत आणि झाडं थरथरली, आणि म्हणूनच तौरात पढली जात असता यहुदी माणूस अंग हलवतो, डोकं डोलवतो. मग चौदाव्या शतकात अबू हय्यान (मूळचे ग्रॅनडाचे, पुढे कैरोत स्थिरावलेले) यांनी त्याला आपलं निरीक्षण जोडलं: इथे मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) मकतबातली, म्हणजे मुलांच्या शाळेतली, मुसलमान मुलंही कुराण पढताना तशीच झुलतात, पण आमच्या अंदलुस (मुस्लिम स्पेन) आणि मगरिबमध्ये (वायव्य आफ्रिका) मूल हललं तर शिक्षक त्याला शिक्षा करत आणि म्हणत, हलू नकोस, यहुद्यांसारखं दिसेल.

याच अंदलुसमध्ये अबू हय्यान यांच्या दीड-दोनशे वर्षं आधी एक यहुदी कवी-विचारवंत होऊन गेला होता, यहूदा हालेवी. आपले लोक धर्मग्रंथ पढताना का झुलतात, हा प्रश्न त्यानेही घेतला आणि तोही अरबी भाषेतच लिहिलेल्या ग्रंथात. त्याचं उत्तर अगदी साधं आहे. पुस्तकं कमी होती. दहा-दहा माणसं एका पुस्तकाभोवती बसत, पुस्तक जमिनीवर असे, प्रत्येक जण आपल्या ओळीसाठी पुढे वाकायचा आणि दुसऱ्याला दिसावं म्हणून मागे सरकायचा. पुढे पुस्तकं वाढली, पण वाकण्या-सरकण्याची सवय राहून गेली.

हे स्पष्टीकरण खरं असो वा नसो, मला ते पटतं, कारण ते शरीराकडून सुरू होतं. मुसलमान विद्वानांचा आक्षेपही नीट पाहिला तर शरीर हलण्यावर नाही. आक्षेप आहे तो त्याला इबादत, म्हणजे उपासना, समजण्यावर. कुराण पढताना झुललं तर पुण्य जास्त, असं कोणी मानू लागलं तर ती बिदअत, म्हणजे धर्मात घुसवलेली नवी गोष्ट. पाठांतराच्या ओघात अंग आपोआप हललं, तर बहुतेक जण त्याकडे सवय म्हणूनच पाहतात. आपलंच पोर झुलून सबक पाठ करत असेल तर त्याला दटावू नये, असं मला मनापासून वाटतं. नमाजात तो स्वतःच थांबायला शिकतो.

खुद्द कुराण ऐकताना शरीराचं काय होतं, याचं वर्णन 39 व्या सूरेतल्या 23 व्या आयतीत आहे: अंगावर शहारा येतो, मग कातडी आणि काळीज दोन्ही मऊ होतात. पैगंबरांनी एकदा अब्दुल्लाह इब्न मसऊद यांना सांगितलं, मला कुराण पढून दाखव. ते म्हणाले, तुमच्यावरच तर ते उतरलं, तुम्हालाच मी ऐकवू? उत्तर मिळालं, दुसऱ्याकडून ऐकायला मला आवडतं. इब्न मसऊद चौथ्या सूरेच्या 41 व्या आयतीपर्यंत आले तेव्हा पैगंबर म्हणाले, आता पुरे. इब्न मसऊद यांनी वर पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या प्रसंगात शरीराची सांगितलेली हालचाल एवढीच.

तरी झुलण्याच्या बाजूनेही एक सुंदर वचन आहे. हजरत अली यांच्या नावाने सांगतात की पैगंबरांचे साथी अल्लाहचा जिक्र, म्हणजे नामस्मरण, करत तेव्हा वाऱ्याच्या दिवशी झाड डोलावं तसे डोलत. त्याच्या सनदीवर, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीवर, हदीसच्या जाणकारांनी आक्षेप घेतले आहेत, पण सूफींना ते फार प्रिय आहे. तुर्कस्तानातल्या कोन्याच्या मेवलवी दर्वेशांचं गिरक्या घेणं, रिफाई आणि कादिरी या सूफी परंपरांच्या जिक्र-मंडळांमधलं एकत्र डोलणं याच वाटेवरचं. नक्शबंदी मात्र सूफी असूनही जिक्र बहुधा मनातल्या मनात करतात. आणि नमाजाबद्दल? अब्दुल्लाह इब्न जुबैर यांचं वर्णन आहे की ते नमाजात असे उभे राहत जणू लाकडाचा खांब. वाऱ्यातलं झाड जिक्रासाठी, रोवलेला खांब नमाजासाठी. अनेक सूफी दोन्ही आपापल्या जागी ठेवतात.

कुराण पढताना एक हालचाल मात्र नेमून दिलेली आहे. काही ठरावीक आयती आल्या की पढणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने सजदा करायचा असतो. हनफी आणि शाफई दोघेही अशा 14 जागा मोजतात, पण यादी एक नाही: हनफी 38 वी सूरा साद धरतात, शाफई 22 व्या सूरेतला दुसरा सजदा धरतात. मालिकी 11 मोजतात. हनफींमध्ये हा सजदा वाजिब आहे, इतरांमध्ये सुन्नत, म्हणजे करावा, पण सक्ती नाही. खलीफा उमर यांनी एका शुक्रवारी मिंबरवर, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या चौथऱ्यावर, 16 वी सूरा नहल पढली आणि सजद्याची आयत आल्यावर खाली उतरून सजदा केला. पुढच्या शुक्रवारी तीच पढली आणि उतरले नाहीत. म्हणाले, ज्याने केला त्याने चांगलं केलं, ज्याने नाही केला त्याच्यावर गुन्हा नाही.

आणि सर्वात बारीक हालचाल ओठांची. 75 व्या सूरेतल्या 16 व्या आयतीत पैगंबरांना सांगितलं आहे की वही, म्हणजे उतरणारा ईश्वरी संदेश, घाईने पाठ करण्यासाठी जीभ हलवू नकोस. बुखारीत या आयतीखाली इब्न अब्बास म्हणतात, पैगंबर ओठ हलवत असत तसे मी तुम्हाला हलवून दाखवतो. त्यांचे शिष्य सईद इब्न जुबैर पुढे म्हणतात, इब्न अब्बास यांना ओठ हलवताना मी पाहिलं तसे मी हलवतो. आणि त्यांनीही हलवून दाखवले. जाणकारांनी इथे एक सूक्ष्म फरक टिपला आहे: सईद ‘मी पाहिलं’ म्हणतात, इब्न अब्बास तसं म्हणत नाहीत, कारण ती आयत उतरली तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता.

तजवीदच्या, म्हणजे कुराणाच्या शुद्ध उच्चारांच्या, वर्गात आजही अशी एक जागा येते. 12 वी सूरा यूसुफ, आयत 11, शब्द ‘तअ्मन्ना’. हफ्स नावाच्या प्रचलित पठणरीतीत इथे दुहेरी ‘न’ नाकातून लांबवताना ओठ ‘उ’ म्हणण्यासारखे गोल करायचे आणि लगेच सोडायचे. याला इश्माम म्हणतात. ‘उ’ चा आवाज निघू द्यायचा नाही, त्यामुळे कानाला काहीच वेगळं ऐकू येत नाही. दृष्टी नसलेल्याला ही गोष्ट ऐकून कळत नाही, असं तजवीदची पुस्तकं आवर्जून सांगतात. म्हणून त्या शब्दाशी उस्ताद थांबतात, मुलाला म्हणतात कुराणावरून नजर उचल, माझ्या ओठांकडे बघ, आणि शब्द पुन्हा एकदा, हळू, म्हणून दाखवतात.